स्वभाव घरी ठेवून कामावर जाऊ नकोस

खरं सांगू का गं, नवीन नोकरीला लागलेली मुलगी मला लातूरच्या बसस्टँडवर लांबूनच ओळखू येते. ओढणीला घट्ट पिन, खांद्याला बॅग, आणि चेहरा असा की कुणी वेळ विचारली तरी म्हणेल, आधी अर्ज आणा. घरी हीच पोर आजीच्या गोळ्या वेळेवर देते, शेजारच्या काकूंचं गॅसचं बुकिंग करून देते, धाकट्या भावाला हसवत हसवत अभ्यासाला बसवते. पण ऑफिसच्या दारात पाय टाकला की तिला वाटतं, आता हे सगळं बाजूला ठेवायचं. इथं कडक राहायचं, नाहीतर लोक हलक्यात घेतील. तूही तेच करायलीस, बघ. "मी कुणाशी बोलतच नाही ताई, काम करते आणि येते," असं मोठ्या अभिमानानं सांगतेस ना, त्यावरूनच कळतं.

हसू येतं मला, कारण मीही त्यातलीच. पहिल्या नोकरीत मी एवढं गंभीर तोंड करून बसायचे की एक दिवस शिपाईमामांनी हळूच येऊन विचारलं, "मॅडम, घरी सगळं बरं आहे ना?" दिसायचं होतं कडक, आणि दिसत होते सुतकात!

म्हणून आज जरा दटावूनच सांगणार आहे, ऐकून घे. तुझ्या अंगात जे आहे तेच तुझं भांडवल आहे. ते घरी ठेवून गेलीस तर ऑफिसात उरतं काय? टायपिंग आणि हजेरीचा अंगठा. आणि 'मला गोड बोलता येत नाही' म्हणून घाबरू नकोस, मला तरी कुठं येतं! समोरच्या माणसाला आत्ता नेमकं काय हवंय हे ओळखायचं, आणि ते खरं खरं, वेळेवर त्याच्या हातात द्यायचं. कामाच्या जागी आपुलकी एवढीच लागते, आणि एवढी पुरते.

हे काही मी हवेतलं सांगत नाही. आपल्याच भागात घडलेली गोष्ट आहे, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. ज्यांची घरं उभी राहिली पण तडकली, अशांचीही गणती लाखाच्या वर होती, आणि ती घरं डागडुजी करून मजबूत करायची होती. जागतिक बँकेचं कर्ज आलं, सरकारचा मोठा कार्यक्रम आखला गेला, इंजिनीअर आले, अनुदानाचे हप्ते ठरले. कागदावर सगळं होतं. पण गावातल्या बाईला कळत नव्हतं की आपल्या घराला किती पैसे आहेत, दुसरा हप्ता कशापायी अडलाय, आणि इंजिनीअर भिंतीला पट्टा घाल म्हणतो तो कशाला. इंजिनीअरलाही कळत नव्हतं की ही बाई दगडाच्या घरात पुन्हा झोपायला का भेते.

मग प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावागावांतल्या महिला मंडळांना या कामात आणलं, आणि त्यांच्यातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. पदवी नाही, ऑफिसचा अनुभव नाही. पण कुणाच्या घरी कोण गेलंय, कुणाच्या दारात दुपारी जायचं आणि कुणाच्या दिवेलागणीला, कुठल्या सासूला आधी विचारलं तर सून बोलेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बांधकामातलंही शिकून घेतलं. माळवदावरचा मातीचा थर कमी का करायचा, दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड का बसवायचे, खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरका आधार का द्यायचा. हे सगळं आपल्या बोलीत घरोघर समजावून सांगितलं. पुढं 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गुजरातला गेल्या.

आता बघ, यांची माया कुठं दिसते? 'लई वाईट झालं गं बाई' म्हणून त्या उठून गेल्या नाहीत. हप्त्याची खरी माहिती देण्यात त्यांची माया होती, भिंतीतला दगड नीट बसलाय का ते बघण्यात होती. ज्या गोष्टी त्या घरात, गल्लीत, हळदीकुंकवाला आयुष्यभर करत आल्या होत्या, त्याच त्यांनी सरकारी कामाला लावल्या.

तू म्हणशील, ताई, तो भूकंप होता, मी तर साधी आडतीवर पट्ट्या काढते. अगं, तिथंच तर सांगायचंय! शेतकरी सोयाबीन घेऊन येतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापतात, हे त्याला ऐकून माहीत असतं. पण पट्टी हातात पडली की आकड्यांकडं बघून त्याचा जीव खालीवर होतो. हमाली किती, तोलाई किती, ओलाव्यापायी किती गेले, हे त्यानं विचारायच्या आधीच तू बोट ठेवून दाखव. पैसे काही वाढणार नाहीत त्याचे. पण आपल्याला कुणी गुंडाळलं नाही, एवढं समाधान घेऊन तो घरी जाईल, आणि पुढच्या राशीला तुमच्याच दुकानात येईल. मालकालाही हे कळतं, तोंडानं बोलणार नाही एवढंच.

किंवा समज, तू लातूरच्या एखाद्या क्लासच्या ऑफिसात फोन घेतेस. नीट आणि जेईईसाठी कुठून कुठून पोरं येतात आपल्याकडं. परभणीहून, हिंगोलीहून आईचा फोन येतो. ती विचारते टेस्टचे मार्क, पण तिला हवं असतं दुसरंच: पोरगी जेवायली का, रडायली का. 'मार्क पोर्टलवर दिसतील' हे उत्तर बरोबरच आहे. पण हजेरी बघून एवढंच सांगितलंस, "काकू, सकाळच्या बॅचला वेळेवर आली होती, मी बोलते तिच्याशी," तर त्या माउलीची रात्र सुखाची जाईल. आणि बोलते म्हणालीस तर बोल हं. नुसता शब्द देऊन विसरणं हे न बोलण्यापेक्षा वाईट.

नांदेडला असशील तर तुझ्या खिडकीशी आणखी वेगळी माणसं येतात. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात एक दिवस नुसतं उभं राहून बघ. किनवट-माहूरकडचा बंजारा बोलणारा, देगलूर-बिलोलीकडचा तेलुगू बोलणारा, पलीकडं तेलंगणातून आलेला. केसपेपरवर काय लिहायचं हे कळेना म्हणून रांगेत बावरून उभा. तुला गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, येत असेल, थोडं तेलुगू येत असेल, तर दोन शब्द बोल. लाजतेस कशाला? पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांसमोर 'काय करायलाव' तोंडातून निघालं की तू जीभ चावतेस, पाहिलंय मी. साहेबांशी साहेबांच्या भाषेत बोल, हरकत नाही. पण जो माणूस गावाकडून आलाय त्याला तुझी बोली ऐकून हायसं वाटतं. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळत नाही ते.

आता तू विचारशील, माझ्यात असं खास आहे तरी काय? सगळ्याच विचारतात. 2004 साली मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या चांगल्या गुणांची एक मोठी जंत्रीच पुस्तकात मांडली. वेगवेगळे धर्म, तत्त्वज्ञानं चाळून 24 गुण काढले. मला गंमत वाटली ती ही की त्यांनी धैर्य आणि न्यायबुद्धीच्या पंगतीला विनोदबुद्धीला बसवलंय, कुतूहलाला बसवलंय, उत्साहाला आणि कृतज्ञतेलाही. म्हणजे तू वर्गात सगळ्यांना हसवायचीस आणि बाई ओरडायच्या, तो गुणच होता बघ! प्रत्येकाच्या अंगात यातले काही ठळक असतात, आणि ते रोजच्या कामात वापरता आले की माणूस कामात रमतो, असं त्यांचं सांगणं.

पण 24 ची यादी भिंतीला चिकटवून रोज एक गुण अंगी बाणवायला निघू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू त्याचाही तक्ता करशील. त्यापेक्षा घरात दोघांना आणि एका मैत्रिणीला विचार: मी नसले की काय अडतं? उत्तर पटकन येईल. 'तू नसलीस की हिशोब लागत नाही.' 'तू नसलीस की भांडण मिटत नाही.' 'तू नसलीस की घर सुनं वाटतं.' तोच तुझा गुण. मग त्याला ऑफिसातलं एक ठरावीक काम जोडून दे. तुला सगळ्यांना समान वाटून द्यायची सवय असेल, तर सुट्ट्यांचा तक्ता तू कर, कुणी कुरकुरणार नाही. तू चौकस असशील, तर नवीन सॉफ्टवेअर आधी तू शिक आणि मग बाकीच्यांना शिकव. तुला कुणाचं चांगलं चटकन दिसत असेल, तर साहेबांना रिपोर्ट पाठवताना 'हा तक्ता अमक्यानं केलाय' असं नावानिशी लिही. एक ओळ लागते, आणि तो माणूस वर्षभर विसरत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात फार जपून करावी लागते, ती सांगते. इथं ऑफिसातला प्रत्येक माणूस कुणाचा तरी पाहुणा निघतो. कुणी मामेसासऱ्याच्या गावचा, कुणी बहिणीच्या नणंदेचा दीर. आणि त्यात आली येळवस! मार्गशीर्षातल्या अमावास्येला आपलं लातूर कसं रिकामं होतं, तुला सांगायला नको. स्थानिक सुट्टी असते, बाजार बंद, सगळे शेतावर. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि एरवी केबिनमधून बाहेर न येणारे साहेबही मांडी घालून आंबील पितात. छानच आहे ते, जा तू पण. कुणाचं बोलावणं मोडू नकोस.

पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस खिडकीशी येऊन म्हणतो, "ताई, आपलं तेवढं वर घ्या की." तिथं खरी परीक्षा असते बघ. तू मवाळ पडून त्याची फाईल वर घेतलीस, तर रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या म्हातारीचं काय? तिनं तुला भज्जी खाऊ घातली नाही हा तिचा गुन्हा? हसून सांगायचं, "दादा, भज्जी फार झकास होती, पण नंबर तुमचा सतरावा. बसा, पाणी प्या, माझ्याकडून उशीर होणार नाही." रागवायचं नाही, अपमान करायचा नाही, आणि हलायचंही नाही. पहिल्या वेळी तो तोंड वाकडं करेल. नंतर त्यालाच कळेल की या बाईकडं आपलं काम कुणी मागं ढकलणार नाही. ओळखीच्याला झुकतं माप दिलं तर अनोळखी माणसावर अन्याय होतो, आणि आपल्याकडं तो अनोळखी माणूस बहुतेक गरीबच असतो.

चुकांचंही सांगते, कारण तू चुकीला फार भेतेस. हार्वर्डच्या ॲमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात तिकडच्या दवाखान्यांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, ज्या वॉर्डात माणसांचं एकमेकांशी चांगलं पटतं तिथं चुका कमी असतील. आकडे उलटे निघाले! चांगल्या वॉर्डात चुकांची नोंद जास्त. नीट बघितल्यावर त्यांना उलगडा झाला: तिथल्या नर्सेस चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका उघड सांगत होत्या. बाकी ठिकाणी ओरडा बसेल म्हणून झाकून ठेवत होत्या. आता विचार कर, औषधाची झाकलेली चूक कुणाच्या जिवावर बेतते? तुझ्या हाताखाली उद्या नवीन मुलगी येईल, चुकीची एन्ट्री करेल, आणि तुझ्याकडं बघेल. तेव्हा पहिलं वाक्य 'काय केलंस हे!' असं नको. 'बरं झालं लगेच सांगितलंस, चल दुरुस्त करू' असं असू दे. मग सावकाश दटाव की, दटावायला कोण नको म्हणतंय!

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. आपुलकीची बाई दिसली की लोक तिच्यावर चहा टाकतात. चहा तिनं करायचा, वाढदिवसाचा केक तिनं आणायचा, निरोप समारंभाची वर्गणी तिनं गोळा करायची, रडणाऱ्याचं तिनं ऐकायचं, आणि बढतीच्या वेळी मात्र 'स्वभावानं छान आहे' एवढंच. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलीस तर नीट बघ. मोठमोठी माणसं भांडी घासतात, रोट्या लाटतात, चपला सांभाळतात. पण कुणी एकाच बाईला धरून 'हे कायम तुझं' म्हणत नाही. ती सेवा आपल्या मनानं केलेली असते, आणि तिथं बाई, बाप्या, साहेब, शिपाई सगळेच हात लावतात. ऑफिसात चहा करायची पाळी लागत असेल तर पुरुषांचीही लागू दे. "या आठवड्यात मी केला, पुढच्या आठवड्यात देशमुख सरांच्या हातचा पिऊ या" असं हसत हसत सगळ्यांसमोर म्हणून टाक. विनोदबुद्धी कुठं वापरायची, तर अशा ठिकाणी!

आणि दिवसभर हसून बोलणं हेही काम असतं गं, दमवतं ते. 1983 मध्ये आर्ली हॉक्शील्ड या बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींवर एक पुस्तक लिहिलं, त्यात हेच मांडलं की चेहऱ्यावर हसू ठेवणं ही मेहनत आहे आणि ती हिशोबात धरली जात नाही. म्हणून संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलावंसं वाटलं नाही तर 'मी अशी कशी झाले' म्हणत बसू नकोस. अर्धा तास गप्प बस. चहा दुसऱ्यानं केलेला पी. घरच्यांना सांगून टाक, आज माझं बोलून संपलंय.

आणखी एक. तुझ्या मोकळेपणाचा कुणी भलताच अर्थ काढला, तर दोष तुझ्या स्वभावात शोधू नकोस. एकदा स्पष्ट शब्दांत सांग. तरी थांबला नाही तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तुझं दुकान छोटं असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात कर. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, म्हणून काय, कधी, कुणासमोर हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. एकानं त्रास दिला म्हणून बाकीच्या सगळ्यांशी कोरडं वागायची शिक्षा स्वतःला करून घेऊ नकोस.

बाकी एक लक्षात ठेव, आपुलकीचं आंबिलीसारखं आहे, आधीच लावून ठेवावी लागते, पाहुणा दारात आल्यावर घाई करून जमत नाही. मार्चएंडला मदत हवी म्हणून मार्चमध्ये गोड बोलायला गेलीस तर माणसं ओळखतात. जूनपासून ज्याची विचारपूस केलीस तो न सांगता थांबेल.

तर या सोमवारी एवढंच कर. ज्या तीन माणसांशी रोज काम पडतं त्यांची पूर्ण नावं आणि गावं माहीत करून घे, शिपाईमामांचंही. दिवसातून एकदा, समोरच्यानं विचारायच्या आधी, त्याच्या उपयोगाची एक गोष्ट सांग: तारीख, कागद, खिडकी नंबर, काहीही. आणि एका जागी 'नाही' म्हण, हसून पण ठाम. महिनाभर हे केलंस तरी पुरे, त्याच्या वरचं काही मनावर घेऊ नकोस. सगळ्यांना तू आवडायला हवीस असं कुणी नोकरीच्या पत्रात लिहिलेलं नाही. आपल्या हातून माणसाचं काम नीट झालं आणि तो गोंधळला नाही, एवढं झालं तरी तुझा दिवस सार्थकी लागला. आणि ते तुला जमतं, घरात वर्षानुवर्षं करत आलीयेस की.